चित्र जागचं न हलवता

१९९७ साली नाताळच्या दोन दिवस आधी इड सॉफ्टवेअरने 'डूम' या गाजलेल्या खेळाचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. खुली झाली ती लिनक्सवर चालणारी आवृत्ती. डेव्ह टेलर यांनी ती मूळ डॉस आवृत्तीवरून तयार केली होती. त्यातली चित्र पडद्यावर टाकणारी फाइल आजही कुणालाही वाचता येते. खेळ सुरू होतानाच तिथं एक चौकशी होते. पडदा सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे 'शेअर्ड मेमरी'ची सोय आहे का, हे प्रोग्रॅम आधी विचारून घेतो. 'आहे' असं उत्तर आलं तरी त्याचा विश्वास बसत नाही. तो डिस्प्लेचं नाव मागवतो, त्यातल्या अपूर्णविरामाच्या आधीचा मजकूर तपासतो, आणि तिथं काहीच नसेल किंवा नुसतं 'युनिक्स' लिहिलेलं असेल तरच ती सोय वापरतो. दुसऱ्या कुठल्या यंत्राचं नाव दिसलं, की शेअर्ड मेमरी बाद.

राक्षसांवर गोळ्या झाडणाऱ्या खेळाला ही पंचाईत कशाला? डॉसवर तर त्याला कुणालाच काही विचारावं लागत नव्हतं. तिथं एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले, अख्खा पडदा त्याचाच असे आणि तो ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत थेट पिक्सेल लिही. लिनक्सवर मात्र पडद्याचा मालक दुसराच असतो. त्याचं नाव एक्स विंडो सिस्टिम.

एक्सचा जन्म एमआयटीतला. डीईसी आणि आयबीएम यांच्या मदतीने तिथं १९८३ साली 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी बॉब शाइफलर, जिम गेटिस यांच्या हातून एक्स आकाराला आली. तिची अकरावी आवृत्ती सप्टेंबर १९८७मध्ये आली. आज लिनक्सवर 'एक्स' म्हणून जे चालतं ते तेच. त्या विद्यापीठात निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रं होती आणि एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर दिसावा ही तिथली निकड होती. म्हणून एक्सने पडदा, कीबोर्ड आणि माऊस एका सर्व्हरच्या ताब्यात दिले. प्रोग्रॅम हा त्या सर्व्हरचा ग्राहक. चित्र काढायचं तर त्याने सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोग्रॅमांमधल्या संवादाच्या वाटेवरून, विनंती पाठवायची, प्रत्यक्ष काढणार सर्व्हर. प्रोग्रॅम शेजारच्या टेबलावर चालतोय की दुसऱ्या इमारतीत, याने विनंतीत काही फरक पडत नाही.

ही रचना तेव्हाच्या कामाला अगदी चपखल होती. एक्समध्ये एखादा आयत रंगवण्याची विनंती २० बाइटांची असते. त्या २० बाइटांत अख्खा पडदाही निळा करता येतो. अक्षरांचे साचे सर्व्हरकडेच असत, त्यामुळे 'इथे ही ओळ लिही' एवढं सांगितलं की काम व्हायचं. टर्मिनलच्या खिडक्या, एक घड्याळ, काही रेघा आणि बटणं एवढ्यासाठी सॉकेट पुरून उरे. अडचण झाली ती फोटो, उपग्रहाची चित्रं, व्हिडिओ आणि डूम यांच्यामुळे. इथं सर्व्हरला 'काय काढ' ते थोडक्यात सांगता येत नाही. प्रत्येक पिक्सेलचा रंग प्रोग्रॅमनेच ठरवलेला असतो आणि ते सगळे रंग सर्व्हरपर्यंत पोहोचवावे लागतात.

आजच्या साध्या फुल एचडी पडद्याचा हिशोब मांडून बघू. १९२० गुणिले १०८० पिक्सेल आणि प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एका चित्राचे ८२,९४,४०० बाइट. एक्सच्या मूळ नियमानुसार विनंतीची लांबी चार-चार बाइटांच्या घटकांत मोजतात आणि ती सोळा बिटांत मावावी लागते. म्हणजे मोठ्यात मोठी विनंती २,६२,१४० बाइटांची. एका विनंतीत चित्राच्या ३४ आडव्या ओळी बसतात, त्यामुळे एका चित्राच्या ३२ विनंत्या होतात. पुढे एका एक्स्टेन्शनने लांबीची ही मर्यादा उठवली. पण लांबी ही खरी अडचण नव्हतीच.

खरी अडचण वाटेत आहे. प्रोग्रॅमने चित्र स्वतःच्या मेमरीत तयार केलं. सॉकेटमध्ये लिहिलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ते स्वतःच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, उतरवून घेतो. ही पहिली नक्कल. सर्व्हर सॉकेट वाचतो तेव्हा तेच पिक्सेल कर्नलच्या बफरमधून सर्व्हरच्या मेमरीत जातात. ही दुसरी. मग सर्व्हर ते पडद्याच्या मेमरीत टाकतो, ही तिसरी. त्यात लिनक्सवर सॉकेटचा बफर सहसा २,१२,९९२ बाइटांचा असतो, म्हणजे एक पूर्ण विनंतीही त्यात एका दमात मावत नाही. बफर भरला की प्रोग्रॅम थांबतो, सर्व्हर जागा होतो, थोडं उपसतो, पुन्हा प्रोग्रॅमची पाळी. सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका नकलेमागे सुमारे ५० कोटी बाइट होतात. प्रत्येक नकलेत एकदा वाचणं आणि एकदा लिहिणं आलं, म्हणजे तीन नकला मिळून मेमरीच्या तारांवर दर सेकंदाला ३ जीबीची वर्दळ. त्यातला एकही बाइट नवं काही सांगत नाही. शिवाय या रहदारीत प्रोसेसरच्या कॅशमधला कामाचा मजकूर बाहेर फेकला जातो तो वेगळाच.

१९९०च्या सुमारास आकडे लहान होते, पण यंत्रंही त्याच बेताची. सन कंपनीच्या तेव्हाच्या वर्कस्टेशनचा नेहमीचा पडदा ११५२ गुणिले ९०० पिक्सेलांचा असे. पिक्सेलला एक बाइट धरला तरी पडदाभर चित्र दहा लाख बाइटांच्या वर जाई. ते तीनदा इकडून तिकडे न्यायचं म्हणजे चित्र हलताना दिसण्याऐवजी वरून खाली पुसल्यासारखं उमटे.

आता शेअर्ड मेमरी म्हणजे काय ते बघू. आधुनिक ऑपरेटिंग सिस्टिमवर प्रत्येक प्रोग्रॅमला सगळी मेमरी आपल्या एकट्याचीच आहे असं वाटतं. तो ज्या पत्त्यावर लिहितो तो खरा पत्ता नसतो. प्रोसेसर दरवेळी त्या प्रोग्रॅमच्या पेज टेबलात पाहतो आणि हा कागदावरचा पत्ता प्रत्यक्षात कुठल्या जागेवर पडतो ते शोधतो. पेज टेबल म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमचा सातबारा, आणि तो लिहिणारा तलाठी म्हणजे कर्नल. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकता येत नाही याचं साधं कारण, त्याच्या उताऱ्यावर ती जमीन चढलेलीच नसते. शेअर्ड मेमरीत कर्नल एवढंच करतो, की एकाच गटाची नोंद दोघांच्या उताऱ्यावर चढवतो. क्रमांक दोघांकडे वेगळे असू शकतात, जमीन एकच. एकाने पेरलं की दुसऱ्याला ते उगवलेलं दिसतं, पोहोचवायला कुणी जावं लागत नाही.

मेमरी ४०९६ बाइटांच्या पानांनी वाटली जाते. योगायोग असा, की फुल एचडी चित्राची बरोबर २०२५ पानं होतात, एकही बाइट उरत नाही. आजच्या प्रोसेसरवर एका पानाची नोंद ८ बाइटांची, म्हणजे सगळं चित्र दुसऱ्या प्रोग्रॅमला दाखवायला पेज टेबलात १६,२०० बाइटांच्या नोंदी पुरतात. त्याही एकदाच करायच्या. पुढे चित्र हजार वेळा बदललं तरी नोंदींना हात लावावा लागत नाही. चित्र भराभर हलवण्याची युक्ती इथं कुणी शोधलेली नाही. ते हलवायचंच नाही, एवढीच यातली अक्कल आहे.

युनिक्समध्ये ही सोय 'सिस्टिम फाइव्ह'सोबत १९८३पासून मिळू लागली होती. एक्सला ती जोडून देणारं एक्स्टेन्शन म्हणजे 'एमआयटी-एसएचएम'. ते कसं वापरायचं याचं टिपण १९९१मध्ये जोनाथन कॉर्बेट यांनी लिहिलं. हेच कॉर्बेट पुढे 'लिनक्स वीकली न्यूज'च्या संस्थापकांपैकी एक झाले. टिपण लहान आहे, सरळ आहे, आणि आजही लागू पडतं. संगणकाच्या जगात तीस वर्षांहून जुन्या किती कागदांबद्दल असं म्हणता येईल?

पद्धत अशी. प्रोग्रॅम कर्नलकडे हव्या तेवढ्या मेमरीचा एक तुकडा मागतो. कर्नल त्याला एक क्रमांक देतो. प्रोग्रॅम तो तुकडा आपल्या पेज टेबलात चढवून घेतो आणि सॉकेटवरून सर्व्हरला फक्त क्रमांक कळवतो. सर्व्हर तोच क्रमांक घेऊन कर्नलकडे जातो आणि तुकडा आपल्याकडेही चढवतो. यानंतर चित्र बदललं की प्रोग्रॅमने सांगायचं ते इतकंच, की अमुक तुकड्यातला एवढा भाग अमुक खिडकीत दाखव. ही विनंती ४० बाइटांची असते, चित्र डाक-तिकिटाएवढं असो वा भिंतीएवढं. तीन नकलांपैकी दोन गेल्या. उरली ती एकच, तुकड्यातून पडद्याच्या मेमरीत जाणारी.

डूमचं चित्र ३२० गुणिले २०० पिक्सेलांचं, म्हणजे ६४,००० बाइट, आणि खेळाचं घड्याळ सेकंदाला ३५ ठोक्यांचं. सव्वादोन एमबी दर सेकंदाला. आज हसू येईल, पण १९९४च्या पीसीवर त्यातली प्रत्येक वाचलेली नक्कल मोलाची होती, कारण तोच प्रोसेसर भिंती, जिने आणि राक्षसही काढत होता. आणि डिस्प्लेच्या नावाची ती चौकशी का, तेही आता कळतं. सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर असेल तर दोघांचा तलाठीच वेगळा. एका गावच्या गट क्रमांकाला दुसऱ्या गावात अर्थ नाही.

हे झालं वेगाचं. आता त्याची किंमत. सॉकेटवरून चित्र पाठवताना एक गोष्ट फुकट मिळत होती, तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. विनंती पाठवून झाली की प्रोग्रॅम आपल्या मेमरीत लगेच पुढचं चित्र काढायला मोकळा असे, कारण आधीच्या चित्राची नक्कल वाटेला लागलेली असे. शेअर्ड मेमरीत नक्कलच नाही. ४० बाइटांची विनंती पाठवली, पण सर्व्हरने ती अजून उघडलेलीही नसेल. तेवढ्यात प्रोग्रॅमने त्याच तुकड्यात पुढचं चित्र काढायला घेतलं तर पडद्यावर वरचा अर्धा राक्षस आत्ताचा आणि खालचा अर्धा मघाचा. म्हणून विनंतीसोबत 'काम झालं की कळव' अशी खूण करता येते आणि सर्व्हर काम संपल्यावर तसा निरोप धाडतो. डूममध्ये यासाठी अगदी रांगडा उपाय आहे. तो निरोप येईपर्यंत नुसता थांबून राहतो. शहाणे प्रोग्रॅम दोन तुकडे घेतात, एक सर्व्हर वाचत असताना दुसऱ्यात काढतात.

दुसरी किंमत केरकचऱ्याची. सिस्टिम फाइव्हचा तुकडा मागणारा प्रोग्रॅम मेला तरी तुकडा मरत नाही. तो बेवारस पडून राहतो, यंत्र पुन्हा सुरू करेपर्यंत. डूमने आपल्या तुकड्याला ओळख म्हणून 'डी-ओ-ओ-एम' ही चार अक्षरंच किल्लीसारखी वापरली होती. खेळ मध्येच कोसळला की पुढच्या वेळी त्याला आपलाच जुना तुकडा वाटेत आडवा येई. तो कुणाचा, अजून वापरात आहे का, काढून टाकता येईल का, हे तपासायला त्या फाइलमध्ये बरीच मोठी जागा खर्ची पडली आहे. तुकडा दुसऱ्या कुणी वापरताना दिसला तर 'कुणीतरी डूम खेळतंय वाटतं, हे शहाणपणाचं आहे का' अशा अर्थाचा टोमणाही छापला जातो. यावरचा रूढ उपाय असा, की सर्व्हरने तुकडा चढवून घेतला रे घेतला, की प्रोग्रॅमने तो मोडीत काढायला सांगायचं. कर्नल तो लगेच मोडत नाही, शेवटचा वापरणारा सुटला की मोडतो.

हे घरच्या घरी पाहता येतं. एक्सवर चालणाऱ्या लिनक्स यंत्रावर टर्मिनल उघडून 'आयपीसीएस' ही आज्ञा मेमरीच्या पर्यायासह दिली, की तुकड्यांची यादी समोर येते. बहुतेक ओळींत जोडलेल्यांची संख्या २ असते, एक प्रोग्रॅम आणि दुसरा एक्स सर्व्हर. शेवटच्या रकान्यात 'मोडीत काढायचा आहे' अशी खूण असते. डेस्कटॉपवर उघड्या असलेल्या खिडक्यांचे जणू पायेच तिथं उघडे पडलेले दिसतात.

क्रमांकावर चालणारी ही व्यवस्था एका बाबतीत मात्र फार भाबडी निघाली. क्रमांक म्हणजे नुसता आकडा. एसएसएचमधून दूरच्या यंत्रावरचा प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर आणला तर सर्व्हरला जोडणी इथल्याच एसएसएचकडून आलेली दिसते, म्हणजे ग्राहक स्थानिक वाटतो. पण त्याने सांगितलेला क्रमांक दूरच्या कर्नलचा. इथं त्या क्रमांकाचा तुकडा नसेल तर निदान चूक तरी कळते. यावर एक्स सर्व्हरमध्ये केलेली तजवीज वाचून करमणूक होते. तो जोडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव बघतो, आणि ते 'एसएसएच' असेल तर हा गृहस्थ बाहेरगावचा आहे असं धरून चालतो. अलीकडे हीच भानगड डॉकरच्या कंटेनरमध्ये उगवते. यंत्र एकच, कर्नल एकच, पण कंटेनरची क्रमांकांची वही वेगळी. खिडकी उघडायला जावं तर 'खासगी वस्तूला हात लावता येणार नाही' अशा अर्थाची चूक येते आणि तिच्याखाली शेअर्ड मेमरीच्या एक्स्टेन्शनचं नाव असतं. मग कुणी कंटेनरला यजमान यंत्राची वही वापरायची मुभा देतो, कुणी क्यूटी लायब्ररीला शेअर्ड मेमरी वापरू नकोस असं बजावतो.

दरम्यान प्रोग्रॅमांची राहणीही बदलली होती. साल २०००च्या आसपास अक्षरांच्या कडा मऊ दिसू लागल्या, फॉन्ट सर्व्हरकडून प्रोग्रॅमकडे आले, बटणांना छटा आणि सावल्या आल्या. 'रेघ काढ, आयत रंगव' या भाषेत हे सांगणं अवघड होतं, म्हणून प्रोग्रॅम खिडकीतलं बरंचसं चित्र स्वतःच काढून तयार पिक्सेल सर्व्हरच्या हवाली करू लागले. ज्या कामासाठी एक्सची मूळ भाषा घडवली होती ते मागे पडलं, आणि फोटोवाल्यांची गरज म्हणून जोडलेली सोय रोजची वाट झाली.

इतरांनीही आपापल्या परीने हाच रस्ता धरला. विंडोज एनटीच्या १९९३च्या पहिल्या आवृत्तीत खिडक्यांचं काम वेगळ्या प्रोसेसकडे होतं आणि निरोपांच्या ओझ्यावर उतारा म्हणून शेअर्ड मेमरीही वापरली होती. तरी पुरलं नाही, आणि १९९६च्या एनटी ४.०मध्ये ते काम उचलून थेट कर्नलमध्ये नेलं. अँड्रॉइडवर दोन प्रोसेसमधले निरोप 'बाइंडर'मधून जातात. त्याचा बफर सुमारे १ एमबीचा, त्यात फुल एचडी चित्र शिरणारच नाही. पिक्सेल तिथं पहिल्यापासून शेअर्ड मेमरीतच ठेवले जातात आणि बाइंडरमधून जातो तो फक्त त्यांचा हवाला.

हवाला हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण वेलँडमध्ये सगळी मदार त्यावरच आहे. क्रिस्तियन ह्योग्सबर्ग यांनी २००८मध्ये वेलँडचं काम सुरू केलं. नाव मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावाचं. यात रेघ काढ, अक्षर लिही असली भाषाच नाही. प्रोग्रॅमने खिडकी पूर्ण रंगवायची आणि कंपोझिटरला, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र जुळवून पडदा सजवणाऱ्या प्रोग्रॅमला, दाखवायची. शेअर्ड मेमरी इथं मागून जोडलेली नाही, पाया आहे. आणि क्रमांकाऐवजी फाइल डिस्क्रिप्टर पाठवला जातो. यात फरक मोठा आहे. क्रमांक कुणीही अंदाजाने ठोकू शकतो. डिस्क्रिप्टर कर्नल स्वतः एका प्रोसेसच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देतो, त्यामुळे ज्याला दिला त्यालाच तो मिळतो. दोघांनी सोडला की मेमरी आपोआप मोकळी होते, मागे काही उरत नाही. एक्सनेही २०१३मध्ये हीच रीत आपल्या जुन्या एक्स्टेन्शनमध्ये उचलली.

वेलँडमध्ये नवं चित्र दाखवायला तीन निरोप लागतात. हा बफर खिडकीला लाव, एवढा भाग बदललाय, आणि आता हे पक्कं कर. मिळून ५२ बाइट. 'बदललेला भाग' सांगणारा मधला निरोप दिसतो तेवढा साधा नाही. लिहिताना नुसता कर्सर लुकलुकला तर बदल २ गुणिले २० पिक्सेलांचा, म्हणजे १६० बाइटांचा. तो निरोप नीट दिला नाही तर कंपोझिटरला ८० लाखांहून अधिक बाइट पुन्हा ग्राफिक्स कार्डाकडे चढवावे लागतात. लॅपटॉपची बॅटरी नुसती एडिटर उघडा ठेवून का उतरते, याचं उत्तर कधीकधी इथं सापडतं.

विश्वासाचा प्रश्न मात्र डिस्क्रिप्टरनेही सुटला नाही, तो फक्त जरा आत सरकला. समजा प्रोग्रॅमने ८ एमबीची फाइल सामायिक केली आणि कंपोझिटर ती वाचत असतानाच फाइल आखडून ४ केबीची केली. कंपोझिटरच्या पेज टेबलात नोंद आहे, पण त्यामागची जमीन नाहीशी झाली. वाचायला गेला की कर्नल त्याला 'सिगबस' हा सिग्नल मारतो, आणि त्याने प्रोसेस तिथंच मरते. कंपोझिटर मेला म्हणजे सगळाच डेस्कटॉप गेला. एका खट्याळ कॅल्क्युलेटरने सगळ्यांच्या खिडक्या पाडाव्यात असा हा प्रकार. वेलँडच्या लायब्ररीत त्यावर खास बंदोबस्त आहे. सिग्नल आला की ती जागा शून्यांनी भरलेल्या पानांनी बुजवायची, वाचन कसंबसं पूर्ण करायचं आणि मग त्या प्रोग्रॅमला चूक दाखवून बाहेर काढायचं. २०१४च्या लिनक्स ३.१७मध्ये याहून स्वच्छ तोडगा आला. नाव-गाव नसलेली, फक्त मेमरीत राहणारी फाइल तयार करायची आणि तिच्यावर मोहोर लावायची, की ही यापुढे आखडता येणार नाही. मोहोर एकदा लागली की लावणाऱ्यालाही काढता येत नाही.

आतापर्यंत चित्र काढणारा प्रोसेसर होता. आज खेळ, ब्राउझर, व्हिडिओ या सगळ्यांचे पिक्सेल ग्राफिक्स प्रोसेसर काढतो, आणि तिथं साधी शेअर्ड मेमरी उपयोगाची तर नाहीच, उलट आडवी येते. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत तयार झालेलं चित्र मुख्य मेमरीत ओढून आणायचं, कंपोझिटरला दाखवायचं आणि त्याने ते पुन्हा कार्डाकडे चढवायचं, हा तर द्राविडी प्राणायाम झाला. एक्सच्या काही ड्रायव्हरांनी कार्डाची मदत मिळू लागताच एमआयटी-एसएचएममधली निम्मी सोय, सर्व्हरने कायम जपायची चित्रं सामाईक तुकड्यात ठेवण्याची, बंद करून टाकली. ती चित्रं कार्डाजवळ असलेली बरी, असं त्यांचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. लॅपटॉपमध्ये जिथं प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच मेमरीवर जगतात तिथंही नक्कल पुरती टळत नाही. ग्राफिक्स प्रोसेसरला चित्र ओळीओळीने रचलेलं आवडत नाही, त्याला ते छोट्या चौकटींत पाडलेलं हवं असतं, म्हणून मांडणी बदलायला तरी एक फेरी होतेच.

म्हणून मग कार्डाचा बफरच सामाईक करायचं ठरलं. सुरुवातीची पद्धत पुन्हा भाबडीच होती. बफराला ३२ बिटांचं एक जाहीर नाव द्यायचं आणि ते सांगायचं. जाहीर नाव म्हणजे अंदाज बांधून दुसऱ्याच्या खिडकीत डोकावायची सोय. मार्च २०१२मध्ये आलेल्या लिनक्स ३.३मध्ये 'डीएमए-बफ' दाखल झाला. लिनारो संस्थेत असताना तो लिहिणारे सुमित सेमवाल. यात ग्राफिक्स बफराचाही फाइल डिस्क्रिप्टर होतो. कॅमेऱ्याने पकडलेलं दृश्य, व्हिडिओ उलगडणाऱ्या चिपने काढलेलं चित्र, खेळाने रंगवलेली खिडकी, सगळं मुख्य प्रोसेसरने एका पिक्सेललाही हात न लावता कंपोझिटरपर्यंत जातं. पूर्ण पडदा व्यापणारा व्हिडिओ असेल तर कंपोझिटरही मधून बाजूला होतो आणि पडद्याला चित्र पुरवणारं हार्डवेअर थेट त्याच बफरमधून वाचू लागतं. मघाशी उरलेली शेवटची नक्कलही तिथं गळून पडते.

आणि मग जुनंच दुखणं नव्या जागी वर आलं. ग्राफिक्स प्रोसेसर काम सांगितल्याबरोबर करत नाही, रांगेत टाकतो. प्रोग्रॅम 'बफर तयार आहे' असं कंपोझिटरला कळवतो तेव्हा चित्र कित्येकदा अर्धंच झालेलं असतं. लिनक्समधले बहुतेक ड्रायव्हर याचा मेळ पडद्याआड घालत. बफराला अदृश्य कुलूप लावलेलं असे आणि आधीचं काम संपेपर्यंत पुढच्याला कर्नलच थोपवून धरी. एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर ही मोघम पद्धत पाळत नव्हता. त्याचं म्हणणं, कोण कुणासाठी थांबणार ते उघड सांगा. या वादात वर्षं गेली आणि त्या कार्डांवर वेलँड वापरणाऱ्यांना टाईप केलेलं अक्षर उमटून, नाहीसं होऊन, पुन्हा उमटताना दिसायचं, कारण कंपोझिटर कधी नवा बफर दाखवी, कधी जुना. २०२४च्या मार्चमध्ये उघड मेळ घालणारा प्रोटोकॉल वेलँडमध्ये मंजूर झाला. आता प्रत्येक बफरासोबत दोन टप्पे नेमून दिलेले असतात, कुठे पोहोचल्यावर वाचायला घ्यायचं आणि कुठे पोहोचल्यावर परत द्यायचं. मे महिन्यात वेलँडवर एक्सचे प्रोग्रॅम चालवणारं एक्सवेलँड २४.१ आलं, पाठोपाठ एनव्हिडियाचे ५५५ मालिकेतले ड्रायव्हर आले, केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉपांनीही तो प्रोटोकॉल उचलला, आणि अक्षरांचं मागेपुढे उड्या मारणं थांबलं.